आम्लाने किडलेल्या दाताला पुन्हा आम्लच

१ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात, मोजके अपवाद सोडले तर, दातात ‘चांदी’ भरणं बंद झालं. ही बातमी व्हॉट्सॲपवरून आपल्याकडे पोचेपर्यंत ‘जुनी चांदी आजच काढून घ्या, पारा मेंदूत जातोय’ अशी झाली होती. चांदीच्या भरणीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, हे खरं. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं. पण बंदीमागचं मोठं कारण आहे दवाखान्यांच्या सांडपाण्यातून पर्यावरणात जाणारा पारा. धड असलेली जुनी भरणी उगाच उकरायला गेलात, तर पाऱ्याची वाफ उलट त्याच वेळी जास्त सुटते.

चांदीची खरी अडचण वेगळी होती. ती दाताला चिकटत नाही. म्हणून डॉक्टर खड्डा मुद्दाम तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरत, म्हणजे भरणी अडकून राही. त्यापायी चांगला दातही कापला जाई. आता भरतात ते दाताच्या रंगाचं कंपोझिट. लोक त्याला सिमेंट म्हणतात, पण असतं ते काचेची बारीक पूड घातलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ. आणि ते ज्या युक्तीने चिकटतं, तिचं मला कौतुक संपत नाही.

दात किडतो तो आम्लामुळे. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. पीएच (तो जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक थरातलं, खनिज विरघळू लागतं. (रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या ‘अळ्या’ वाटीत पाडून दाखवणारे अजूनही भेटतात. वाटीत पडतं ते बियांमधलंच. दातात अळ्या काही दिसत नाहीत, हे पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय.)

१९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर या दंतवैद्यांनी हेच आम्लाचं काम उलटं वापरलं. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी ते एनॅमलवर अर्धा मिनिट लावून पाहिलं आणि अॅक्रिलिक प्लास्टिक घट्ट धरून राहिलं. आज ३७ टक्क्यांच्या आसपासचं आम्ल वापरतात, बहुतेकदा निळ्या जेलच्या रूपात. डॉक्टर सिरिंजने ते लावतात, काही सेकंदांनी धुतात, हवा मारतात. तेवढ्यात एनॅमलची चकाकी जाऊन ते निस्तेज पांढरं झालेलं असतं. एनॅमल सगळीकडे सारखं विरघळत नाही, त्यामुळे काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) खोल असंख्य खाचा पडतात. त्यांत पातळ रेझिन शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि रुतून बसतं.

एनॅमलखालच्या डेंटिनचं मात्र तसं नाही. तिथे खनिजाबरोबर कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात आणि पाणीही. आम्लाने खनिज गेलं की नुसते तंतू उघडे पडतात. ते फार वाळवले तर विहिरीतून डोकं वर काढल्यावर केस जसे एकमेकांना चिकटतात, तसे तंतू चिकटून बसतात आणि रेझिनला आत वाट राहत नाही. म्हणून डेंटिन किंचित ओलसर ठेवायचं आणि पाण्याशीही जमेल, रेझिनशीही जमेल असा रेणू आधी लावायचा. तंतू आणि रेझिन यांचा जो मिश्र थर तयार होतो, तो १९८२ मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवून दिला. जाडी जेमतेम काही मायक्रॉन, पण भरणीचं आयुष्य बरंचसं त्याच्यावर. लाळेचा एक ओघळ आला तरी तो बिघडतो, म्हणून तर तोंडात कापसाच्या गुंडाळ्या.

मग निळा दिवा. सुमारे ४७० नॅनोमीटरच्या प्रकाशाने कॅम्फरक्विनोन हा घटक चेततो, मुक्त मूलके (चटकन दुसऱ्याशी जोडले जाणारे कण) तयार होतात आणि रेझिनचे सुटे रेणू साखळीत जोडले जातात. जोडले जाताना ते जवळ येतात, त्यामुळे भरणी दोन-तीन टक्क्यांनी आक्रसते आणि भिंतींपासून सुटू पाहते. त्या फटीत पुन्हा जिवाणू. शिवाय प्रकाश फार खोल पोचत नाही. म्हणून नेहमीचं कंपोझिट साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थराला दिवा लावतात. जबडा दुखेस्तोवर ‘आ’ करून बसावं लागतं ते यासाठी.

जिथे दात कोरडा ठेवणं जमतच नाही, उदाहरणार्थ वळवळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात, तिथे डॉक्टर बऱ्याचदा ग्लास आयोनोमर भरतात. ते दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच बंध जोडतं, वर थोडं फ्लोराइडही सोडतं. चावण्याच्या जागी मात्र ते लवकर झिजतं, म्हणून मोठ्यांच्या दाढेत भरणी करायची झाली तर शक्यतो कंपोझिटच.