कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी?

‘पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आहे ना, मग बिनधास्त पासवर्ड टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुमचा ब्राउझर आणि समोरची साइट यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. समोर बँक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्था 2015 पासून फुकट आणि काही मिनिटांत देतात, तपासतात फक्त डोमेन (पत्त्यातलं साइटचं मुख्य नाव) तुमच्या ताब्यात आहे का ते. भामट्याचं डोमेन त्याच्याच ताब्यात असतं! हा गैरसमज इतका मुरला की क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

बघायचा तो पत्ता, आणि तोही उलटा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरकी रेघ गाठा आणि तिथून डावीकडे वाचा. ‘अमुकबँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप’ यात मालक ‘केवायसी-अपडेट डॉट टॉप’; बँकेचं नाव नुसतं तोरण. मोबाइलवर लांब पत्ता कापला जातो, म्हणून त्यावर बोट ठेवून पूर्ण पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या आदेशानुसार भारतीय बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, त्यामुळे ही तपासणी सोपी झाली आहे.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून खऱ्या डोमेनवरच भरणारं ॲप, नेहमीसारखा पासवर्ड आपोआप भरत नसेल तर हाताने टाकू नका, आधी डोमेन पाहा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.