जुनिपर फळ (हपुषा)

जुनिपर फळ म्हणजे जुनिपेरस कम्युनिस या सूचिपर्णी झुडपाचे काळसर निळे, वाटाण्यापेक्षा किंचित लहान, सुगंधी फळ. मध्य आणि उत्तर युरोपात ते मसाल्यात वापरतात. जिन या मद्याचा मुख्य गंध याच फळाचा असतो. आयुर्वेदातील हपुषा हे द्रव्य आज बहुधा हेच फळ मानले जाते आणि उत्तर भारतातील काष्ठौषधींच्या दुकानांत ते हाऊबेर या नावाने मिळते.

व्यवहारात फळ म्हटले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा शंकू आहे. चीड किंवा देवदाराच्या शंकूचे खवले लाकडासारखे कडक होतात. जुनिपरचे खवले मात्र मांसल होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गोळा बनतो. फळाच्या टोकाशी नीट पाहिले तर तीन रेघांची बारीक चांदणी दिसते. तीन खवले जिथे जुळले, तिथली ती शिवण असते. आत बहुधा तीन कठीण बिया असतात आणि सालीवर जांभळावर असते तशी मेणाची पुसट पांढरी झाक असते. नर आणि मादी झुडपे वेगळी असल्याने फळे फक्त मादी झुडपांना धरतात.

फळ पिकायला दोन, कधी तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळी फळे शेजारी शेजारी दिसतात. पाने सुईसारखी टोकदार, तीन-तीनच्या वेढ्यांत असल्याने हाताने वेचणे त्रासाचे होते. म्हणून झुडपाखाली कापड किंवा पसरट टोपली धरून फांद्या काठीने झोडपतात. पिकलेली फळे गळतात, हिरवी पुढच्या हंगामासाठी फांदीवर राहतात. बाजारातला बराचसा माल आजही असाच रानातून येतो. उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया, बोस्निया, सर्बिया आणि इटलीतील तोस्काना हे त्याचे नावाजलेले प्रदेश आहेत.

झुडूप मात्र याहून कितीतरी दूरवर पसरलेले आहे. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका मिळून सूचिपर्णी वृक्षांत याच्याइतका विस्तार दुसऱ्या कोणत्याही जातीचा नाही. महाराष्ट्रात ते वाढत नाही, हिमालयात उंचावर आढळते. लडाखमध्ये पूजेच्या वेळी ज्याच्या फांद्यांची धुरी देतात तो ‘शुक्पा’ याच जुनिपेरस प्रजातीतला, पण वेगळ्या जातीचा वृक्ष आहे. हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावात तो आहे आणि तिथली त्याची राई आपल्या देवराईसारखीच पवित्र मानून राखलेली आहे.

स्वयंपाकातील उपयोग

फळ चिरडले की आधी चिडाच्या लाकडाचा वास येतो, मागून लिंबाच्या सालीचा आणि मिऱ्याचा. चव सुरुवातीला गोडसर लागते आणि मग कडवट, राळेसारखी होते. कोकणात माशाच्या आमटीत तिरफळे जशी मोजून, जरा ठेचून घालतात, तसाच याचा हिशेब असतो: चौघांच्या रश्श्याला पाच-सहा फळे पुरतात, जास्त झाली तर पदार्थ औषधासारखा लागतो. ती खलबत्त्यात अर्धवट ठेचून घालावीत, कारण तेल गराच्या आत असते आणि अख्खे फळ शिजताना ते पुरेसे सोडत नाही. जुना, कोरडा ठणठणीत माल घेऊ नये. चांगले वाळलेले फळ बोटांत दाबले तर किंचित दबते.

हरीण, रानडुक्कर यांसारख्या शिकारीच्या मांसाचा उग्रपणा कापायला युरोपातले स्वयंपाकी याच्याकडे वळतात. जर्मनीत मांस व्हिनेगरमध्ये कित्येक दिवस मुरवून केलेल्या साउअरब्राटनमध्ये ते असते, आणि जर्मनी व फ्रान्सच्या अल्सास भागात आंबवलेल्या कोबीबरोबरही शिजते. माझ्या मते त्याची खरी जागा या कोबीतच आहे. आंबटपणा आणि चरबी यांच्यामध्ये हा राळेचा गंध जितका शोभतो तितका भाजलेल्या मांसावर शोभत नाही. फिनलंडमध्ये साहती ही घरगुती बिअर गाळताना लाकडी कुंडाच्या तळाशी जुनिपरच्या फांद्या अंथरतात. म्हणजे चव फळातूनच घेतली पाहिजे असे नाही.

मिऱ्याशी याचे जुने नाते आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे की भारतातून येणाऱ्या मिऱ्यात जुनिपरची फळे मिसळून भेसळ केली जाई.

मद्यांपैकी नेदरलँड्स-बेल्जियममधील येनेव्हर हे जिनचे पूर्वज, आणि त्याचे नावच जुनिपरवरून पडले. स्लोव्हाकियातील बोरोविच्का याच कुळातली. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे जिनमध्ये जुनिपरची चव ठळक असावी लागते आणि अल्कोहोलचे प्रमाण किमान ३७.५ टक्के असावे लागते. गोव्यात २०१८ पासून हिमालयातील जुनिपर वापरून एक जिन बनते आणि तिचे नावच हपुषा आहे.

औषधी उपयोग

औषधी गुण आहेत ते फळातील उडनशील तेलाचे. युरोपीय औषधसंहितेनुसार एक किलो वाळलेल्या फळांत हे तेल किमान १० मिलिलिटर असावे लागते. त्यात अल्फा-पायनीन, मिरसीन, सॅबिनीन ही द्रव्ये प्रामुख्याने असतात. मूत्र वाढवण्याचा गुण टर्पिनेन-४-ऑल या घटकाला दिला जातो.

चरकसंहितेतील हिंग्वादी चूर्णात हपुषा आहे, ती गुल्मावर, म्हणजे पोटातील वायूच्या विकारांवर. उदररोगावरील नारायण चूर्णातही ती आहे. युरोपातील वापर याच्याशी थक्क करण्याइतका जुळतो. तिकडेही हे फळ अपचन, पोटफुगी आणि लघवी साफ होण्यासाठी घेतले जाते. युरोपीय औषध संस्था या उपयोगांना ‘पारंपरिक’ म्हणून मान्यता देते. दीर्घकाळच्या वापरावर ही मान्यता आधारलेली आहे, माणसांवरील मोठ्या चाचण्यांवर नव्हे. मधुमेही उंदरांमध्ये रक्तशर्करा उतरल्याचे प्रयोग आहेत, पण तेवढ्यावर मधुमेहाचे औषध म्हणून त्याची शिफारस करणे घाईचे ठरेल. निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या औषधिकोशांत, हपुषेला ‘मत्स्यगंधा’ असेही म्हटले आहे. जुनिपरला माशाचा वास मुळीच येत नाही, त्यामुळे प्राचीन वैद्यांची हपुषा नेमकी हीच होती का, ही शंका रास्त आहे.

जिन पिऊन हे गुण मिळतील असा समज धरू नये. ऊर्ध्वपातनात येतो तो मुख्यतः गंध, आणि यकृताला सोसावे लागते ते अल्कोहोल.

मूत्रपिंडाला सूज असेल तर हे फळ औषध म्हणून घेऊ नये. लघवीसाठी घ्यायचे औषध मूत्रपिंडाच्याच रोग्याला वर्ज्य, हे विचित्र वाटेल, पण तेच तेल मूत्रमार्गाला चेतवते आणि आधीच दुखावलेल्या अवयवाला ते सोसत नाही. गर्भारपणातही ते टाळावे. जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ समितीने वैद्यकीय सल्ल्याशिवाय चार आठवड्यांहून अधिक काळ घेऊ नये असे सांगितले होते. रश्श्यातल्या पाच-सहा फळांना हे बंधन लागू नाही. ते काढा, अर्क आणि तेलासाठी आहे.

रानातून स्वतः फळे वेचणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. मध्य आणि दक्षिण युरोपातील डोंगरांवर वाढणारा जुनिपेरस सॅबिना हा जवळचा नातलग विषारी आहे आणि पूर्वी गर्भपातासाठी वापरला जात असे. त्याची पूर्ण वाढलेल्या फांद्यांवरील पाने सुईसारखी नसून खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात आणि कुस्करल्यावर वास उग्र, किळसवाणा येतो.