विजापूरची जामा मशीद : घडणीची पार्श्वभूमी

पन्हाळगडाच्या तीन दरवाजावरील फारसी शिलालेख विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळाची साक्ष देतो. शिवाजी महाराजांनी १६५९ साली गड घेईपर्यंत कोल्हापूरच्या या मुलखाची राजधानी विजापूरच होती. त्यामुळे मिरज, जतमार्गे विजापूरला जाणाऱ्या कोल्हापूरकराला तिथली दगडी कमान आणि चुन्याचा गिलावा फारसा परका वाटत नाही. मात्र बहुतेकांची वाट गोल घुमटापाशीच संपते आणि तो पुरा होण्याआधी सुमारे ८० वर्षे बांधायला घेतलेली जामा मशीद पाहायची राहून जाते. हे नुकसान मोठे आहे, कारण त्या घुमटामागील रचनेचा विचार या मशिदीतच मोठ्या प्रमाणावर आकाराला आलेला दिसतो.

जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. त्या विजयातून आलेली संपत्ती पहिल्या अली आदिलशहाने राजधानीच्या उभारणीत घातली. शहराचा तट त्याच्याच कारकिर्दीत पुरा झाला आणि पुढे १५७०च्या दशकात जामा मशिदीचे काम सुरू झाले. १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याच्यामागून आलेल्या सुलतानांनी मशिदीत भर घातली, तरी मूळ आराखडा पूर्णत्वाला गेला नाही. पूर्वेच्या प्रवेशाशी उभे राहायचे दोन मिनार कधी बांधलेच गेले नाहीत.

मोठ्या चौकाच्या पश्चिमेला नमाजाचे दालन, उत्तर व दक्षिणेला कमानींच्या ओवऱ्या आणि चौकात हौद अशी मांडणी आहे. दालन नऊ खण (खांबांमधले गाळे) रुंद आणि पाच खण खोल असल्याने त्याचे ४५ चौरस होतात. चौकाकडील नऊ कमानींपैकी फक्त मधलीला महिरपी कातर दिली आहे. बाकीच्या कमानी साध्या, भरदार आणि एकसारख्या आहेत. या संयमामुळेच मशिदीला भारदस्तपणा आला आहे, असे मला वाटते. पुढच्या काळातील इब्राहिम रौजा या विजापुरातल्याच मकबऱ्याचे नाजूक कोरीवकाम पाहून इथे आलेल्याला भिंती सुरुवातीला उघड्या वाटतील, पण कमानींच्या ओळीतून आत येणारा उजेड पाहिला की इथे नक्षी का नको होती, हे उमगते.

खरे कौशल्य मेहराबीसमोरच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतील कोनाड्यासमोरच्या जागेत आहे. तिथे नऊ खणांची जागा सलग मोकळी सोडली आहे. नेहमीच्या पद्धतीने आत चार खांब आले असते. ते गाळून भोवतीच्या बारा खांबांवर घुमटाचा भार दिला आहे. त्यासाठी कमानी एकमेकींना छेदत वर नेल्या आहेत. दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवले असता मध्ये जसा अष्टकोन उरतो, तसा अष्टकोन त्या छेदांतून तयार होतो आणि त्यावर घुमटाची कड बसते. घुमटाचे वजन कमानींना बाहेर ढकलू पाहते, तर कमानींच्या मधले, आत झुकलेले बांधकाम आपल्या वजनाने त्यांना आत ओढून धरते. हीच रचना १६५६ साली पुऱ्या झालेल्या गोल घुमटात कितीतरी मोठ्या मापाने वापरली गेली आणि आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट एकाही मधल्या खांबाशिवाय उभा राहिला. मशिदीचा घुमट बाहेरून जवळजवळ अर्धगोल असून त्याच्या तळाशी कमळासारख्या पाकळ्या आहेत. इतर खणांवरील उथळ घुमट छतात लपवले असल्याने आकाशरेषेवर तो एकटाच उठून दिसतो.

मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६३६ मध्ये, मेहराब सोन्याने आणि रंगांनी सजवली गेली. तिच्यावरील लेखांबरोबर कोनाडे, ग्रंथ आणि फुलदाण्यांची चित्रेही आहेत. मूळच्या साधेपणाशी तिचा मेळ बसत नाही, पण दख्खनी रंगकामाचा नमुना म्हणून तिची योग्यता मोठी आहे.

सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर औरंगजेबाच्या हाती पडले आणि आदिलशाही संपली. मशिदीचे पूर्वेकडील प्रवेशद्वार त्याच्या काळातले आहे. दालनाच्या फरशीवर एकेका नमाज्याच्या जागेसाठी आखलेले २,२५० चौकोनही त्याच्याच नावे सांगितले जातात. मशीद आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे नमाजही होते.