गोरेपणाची क्रीम, पारा आणि उलटलेली प्रतिकारशक्ती

पाऱ्याच्या विषबाधेचा विषय निघाला की जपानमधील मिनामाता आणि तेथील मज्जासंस्थेचे विकार आठवतात. पारा शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही शरीरावरच उलटवतो, ही गोष्ट मात्र सहसा मागे पडते. तिचा ठळक पुरावा १९७२ साली नैरोबीहून आला. लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊन अंगावर सूज चढलेल्या, म्हणजेच नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या ६० प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पारा असलेली, रंग उजळवणारी क्रीम वापरत होते. पारा त्वचेतील टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतो, म्हणून मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य कमी तयार होते व चेहरा उजळ दिसतो. त्याच त्वचेतून तो रक्तातही उतरतो.

पुढे १९७७ साली फ्रेंच संशोधकांनी ‘ब्राउन नॉर्वे’ जातीच्या उंदरांना मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार टोचला, तेव्हा त्या प्राण्यांच्या शरीरात स्वतःच्याच मूत्रपिंडातील गाळणपटलाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिने (अँटिबॉडी), तयार झाली. पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतो. त्यातून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी चेतवल्या जातात, इंटरल्यूकिन-४ सारखे पेशींमधील रासायनिक संदेश वाढतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी ती वाटेल तशी बनवू लागतात. ‘लुईस’ जातीच्या उंदरांना मात्र तेवढ्याच पाऱ्याने हा आजार होत नाही. एकच डबी वापरणाऱ्या दोघींपैकी एकीलाच त्रास का होत असेल, याचा एक धागा या आनुवंशिक फरकात सापडतो.

मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत, म्हणजे नेफ्रॉटिक सिंड्रोम घडवणाऱ्या, मूत्रपिंडाच्या गाळणपटलाच्या एका आजारात, एनईएलएल-१ (NELL-1) या प्रथिनाचा सहभाग २०१९ च्या सुमारास स्पष्ट झाल्यावर भारतातील चित्र उलगडू लागले. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांमधील, पारा असू शकणाऱ्या पारंपरिक औषधांच्या वापराकडे लक्ष वेधले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ पासून नोंदवलेल्या या आजाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत हे प्रथिन आढळले आणि त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. नैरोबीची नोंद हाताशी असताना ‘चेहऱ्याला काय लावता?’ हा साधा प्रश्न आपल्या दवाखान्यांत रुळायला पन्नास वर्षे लागावीत, याची खंत वाटते.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अजाणता आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. पण घटकांची यादी नसलेल्या डब्या आजही विकल्या जातात.