फैजपूरले काँग्रेस भरनी तवय धाकल्या पोटमा व्हता

हे अहिराणी वाक्य माझ्या पणजीचं, म्हणजे फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा धाकटा पोटात होता. मी ऐकलं ते आत्याच्या तोंडून, ती भरितासाठी गॅसवर वांगी भाजत होती (काट्यांवर भाजलेलं तेच भरीत, हे नुसतं नावाला, असं तिचंच म्हणणं) आणि मी शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बसलो होतो. अमळनेरला आमचं घर कसं आलं, मिलमधे पहिलं कोण लागलं, कोण कशाने गेलं, असं सगळं विचारायचं होतं. साल विचारलं की आत्या गप्प, पण "तेव्हा पाळण्यात कोण होतं?" म्हटलं की सुरूच. आता फैजपूरचं अधिवेशन म्हणजे डिसेंबर १९३६, नेहरू अध्यक्ष, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलंच, म्हणजे आमचे धाकटे आजोबा १९३७ चे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र १ जून १९३५. गुरुजींनी नाव घालताना वयात बसवायला टाकलेली तारीख, आपल्याकडे निम्मा गाव १ जूनलाच जन्मलाय!

खानदेशात वर्षं लक्षात ठेवायची पद्धतच अशी, आकडा नाही, आपत्ती. जुनी माणसं ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायची तो १८९९-१९०० चा, छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, कारण गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्या संवतावर चालायच्या आणि शेतकऱ्याचं देणं त्याच वहीत असायचं. मग प्लेग, मग मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), मग बहात्तरचा दुष्काळ, त्यातली मिलो ज्वारी आणि सुकडी तर अजून कित्येकांच्या जिभेवर आहे.

कागदांचा इतिहास वेगळा. १८१८ ला इंग्रज आले, सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा, १९०६ ला त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, १९६० ला पूर्वचं जळगाव झालं आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर "जि. पूर्व खानदेश" बघून आमच्या चुलतभावाला वाटलं आपण मूळचे दुसरीकडचे, आणि त्याने तसं फॅमिली ग्रुपवर टाकूनही दिलं. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव फिरले, शेवटी धुळ्यात राहिले, १९२६ ला तिथेच वारले, त्यांचा संग्रह आज धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. पण दप्तर असायला आधी वाडा लागतो ना. मिलमधे साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्याच्या घरात कुठलं दप्तर, तिथे कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, आणि आत्या. खरं सांगायचं तर मीही कोतवाल बुकापर्यंत इतिहासाच्या ओढीने नाही गेलो, पुतणीच्या जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे पडताळणीसाठी, १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता म्हणून गेलो. पानं मोडी लिपीत, वाचून देणारे एक रिटायर्ड तलाठी भेटले, आणि आमच्या घरातल्या एका जन्माची नोंद सापडली ती अशी: बापाचं नाव, जात, तारीख, आणि "मुलगी". बस. नाव नाही.

त्याच बुकात पणजोबांच्या आईचा मृत्यू सापडला, नोव्हेंबर १९१८, कारण "ताप". घरात मात्र सगळे म्हणतात ती प्लेगात गेली. मी आत्याला विचारलं, तेव्हा घरचे शेतात झोपड्या घालून राहायला गेले होते का? तर म्हणे नाही, कोणी कुठे गेलं नाही, चार दिवसात एका घरातून तीन तिरड्या निघाल्या, पाणी द्यायला माणूस उभा राहिना. प्लेग आला की लोक गाव सोडून रानात जायचे, उंदीर पडले की निघायचेच. इथे कोणी निघालंच नाही आणि घरंच्या घरं आडवी झाली, म्हणजे ही मानमोडी, १९१८ चा इन्फ्लुएंझा. पुढच्या पिढीने दोन्ही आजार एकाच पोत्यात भरले एवढंच.

आणि साने गुरुजी! अमळनेरात ज्याला त्याला विचारा, त्याच्या आजोबांना गुरुजींनी शिकवलेलं असतं. आमच्याही. गुरुजी प्रताप हायस्कूलला १९२४ ते १९३०, आजोबांचा जन्म धरला १९२५ चा, म्हणजे गुरुजींनी शाळा सोडली तेव्हा हे पाच वर्षांचे. मी हिशोब मांडला तर काका चिडले, आठ दिवस बोलले नाहीत. मग आत्याच म्हणाली, अरे शाळेत नाही, गेटवर. गुरुजी पुढे गिरणी कामगारांत काम करायचे, आजोबा बापाचा डबा घेऊन प्रताप मिलच्या गेटवर जायचे आणि भाषण संपेपर्यंत तिथेच उभे राहायचे, उशीर झाला म्हणून घरी मार खायचे. मला तर हे वर्गात शिकण्यापेक्षा जास्त पटलं, मार खाल्ल्याची आठवण कोण कशाला बनवेल?

काकांना हे सांगितलं, ते म्हणाले मग "शिकवलं"च झालं की. ठीक आहे. मिल बंद पडली ते वर्ष मात्र आत्याला आठवत नाहीये, तेव्हा घरात कोणाचं लग्न ठरलेलं होतं ते विचारायचं राहिलंय, रविवारी फोन करतो.