झडपेच्या अलीकडचा दाब, पलीकडचा दाब

महाधमनीची झडप आखडलेल्या रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधला, तर वरचा आकडा १२० येऊ शकतो. अगदी नॉर्मल! त्याच ठोक्याला हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात मात्र १८० मिमी (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) दाब असू शकतो. मधले ६० त्या चिंचोळ्या झडपेतून रक्त रेटण्यात खर्ची पडतात. झडप निरोगी असेल तर असा फरक जवळजवळ नसतोच. सरासरी फरक ४० मिमीच्या घरात गेला की आजार तीव्र समजतात.

छाती न उघडता कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, झडप बसवताना हे डोळ्यांनी दिसतं. (आलँ क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये २००२ साली अशी पहिली झडप बसवली.) एक नळी कप्प्यात, दुसरी महाधमनीत. मॉनिटरवर दोन रेघा: एक उंच, दुसरी तिच्या पोटात दबलेली. नवी झडप उघडते आणि काही ठोक्यांतच दोन्हींची शिखरं जुळतात. पण मग ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत महाधमनीतला दाब घसरू लागला आणि कप्प्यातला चढू लागला, तर झडपेच्या कडेने रक्त मागे गळत असल्याची शंका घ्यायची.

डाव्या वरच्या कप्प्यात थेट नळी घालणं सोपं नाही. त्यावर स्वान आणि गँझ या डॉक्टरांनी १९७० मध्ये तोड काढली: टोकाला इवलासा फुगा असलेली नळी. मानेच्या शिरेतून सोडलेला हा फुगा रक्ताच्या प्रवाहाबरोबर उजव्या हृदयातून वाहत फुप्फुस धमनीच्या एखाद्या फांदीत जाऊन अडकतो. पुढचं रक्त थबकतं आणि त्या थबकलेल्या रक्तातून डाव्या वरच्या कप्प्याचा दाब नळीच्या टोकाशी पोचतो. शिरायचं उजवीकडून, बातमी आणायची डावीकडची! एरवी हा दाब ६ ते १२ मिमी असतो. मायट्रल झडप (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) आखडली की तो २५ च्या पुढेही जातो, फुप्फुसात पाणी झिरपतं आणि माणसाला आडवं झोपवत नाही.

उघड्या शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन सुरू झालं, हृदय थांबवलं, की नाचणारी रेघ सपाट होते. मला विचाराल तर खरी कसोटी मशीन सोडताना असते. भूलतज्ज्ञ दाब आणि अन्ननलिकेतून घेतलेली सोनोग्राफी दोन्ही पाहतात, कारण नुसता फरक फसवतो. हृदय थकलेलं असेल तर रक्तच कमी ढकललं जातं आणि झडप वाईट असूनही फरक छोटा दिसतो.

फसवायला याहून साध्या गोष्टीही पुरतात. सलाईनने भरलेल्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लाट बोथट होते. दाब टिपणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला धरून 'झिरो' करतात, म्हणजे तिथला आकडा शून्य मानतात. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ७.५ मिमीने फुगतो. १२० मध्ये ही चूक खपून जाईल. पण ८ चे १५ दिसले तर औषधाचा निर्णयच बदलतो. म्हणून सर्जनने टेबल वर घ्यायला सांगितलं की कुणीतरी मुकाट्याने ट्रान्सड्यूसरही तेवढाच वर सरकवतं.