रोमन वीर (उत्कीर्णन मालिका)

डच उत्कीर्णनकार हेंड्रिक गोल्ट्झिअस (१५५८–१६१७) याने १५८६ मध्ये हार्लेम येथे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून काढलेली दहा मुद्राचित्रांची मालिका. उत्तर प्रबोधनकाळातील रीतिलाघववादी (मॅनरिस्ट), म्हणजे आकृत्या मुद्दाम अतिरंजित करणाऱ्या, शैलीचा हा ठळक नमुना मानला जातो. पहिले आणि शेवटचे चित्र रूपकात्मक आहे. मधल्या आठांत प्राचीन रोमचा एकेक योद्धा उभा आहे.

यांतील बहुतेक कथा लिव्ही या रोमन इतिहासकाराने सांगितलेल्या आहेत. शत्रुसैन्याला पुलावर एकट्याने थोपवणारा होरेशिअस कोक्लीस, रोमच्या रक्षणासाठी घोड्यासह खाईत उडी घेणारा मार्कस कर्शिअस, गॉल योद्ध्याला मारून त्याच्या गळ्यातले कडे काढून घेणारा टॉर्क्वेटस हे त्यांपैकी काही. मांडणी मात्र नेहमीच्या उलट. चित्र सुमारे ३७ सेंमी. उंच, त्यात वीराची आकृती कागद व्यापून उरते आणि ज्या पराक्रमामुळे तो अजरामर झाला तो मागे दूरवर, चिमुकल्या आकृत्यांत उरकलेला. शोधल्याशिवाय सापडत नाही.

चिलखत, तुरेदार शिरस्त्राण, तलवार हा सारा सरंजाम रोमन वाटतो, पण तो पुरातत्त्वाच्या कसोटीला लावू नये. चिलखत अंगाला कातडीसारखे चिकटले आहे आणि त्यातून स्नायूंचे गोळे उसळतात. हे सैनिक घडले ते कोरणीच्या रेषेतून. कोरणी कमीजास्त दाबली की खाच रुंद-अरुंद होते; खाचांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. गोल्ट्झिअसची रेषा मधे फुगते, टोकाला निमुळती होते आणि अंगाच्या गोलाईबरोबर वळत जाते. नुसत्या रेषांनी पोलादाची चकाकी व मांड्यांचा भरीवपणा उभा राहतो. काहींना हे स्नायू अतिरेकी वाटतात, आणि तसे ते आहेतच.

हे कोरणारा हात अधू होता. चरित्रकार कारेल व्हान मांडर याच्या १६०४ मधील वृत्तान्तानुसार गोल्ट्झिअस तान्हेपणी विस्तवात पडला आणि त्याचा उजवा हात कायमचा आखडला. मालिकेतील म्यूशस स्कीव्होलाने शत्रुराजासमोर आपला उजवा हात स्वतःहून आगीत धरला होता. तो पत्रा कोरताना गोल्ट्झिअसच्या मनात काय आले असेल, असा प्रश्न पडतोच. १५८८ मध्ये त्याने काढलेले उजव्या हाताचे रेखाटन हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहे.

मालिका पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा रूडोल्फ याला अर्पण केलेली आहे. हार्लेमला स्पॅनिश सैन्याने १५७२–७३ मध्ये वेढा घालून जेरीस आणले होते, आणि रूडोल्फ हा त्याच स्पेनच्या राजाचा, दुसऱ्या फिलिपचा, भाचा. तरी अर्पण त्यालाच; रूडोल्फ कलेचा मोठा आश्रयदाता होता.

हे वीर कोरले तेव्हा गोल्ट्झिअसने रोम पाहिलेही नव्हते. तो १५९० मध्ये इटलीला गेला आणि तेथे प्राचीन पुतळ्यांची बारकाईने रेखाटने केली. त्यानंतर कोरलेल्या ‘फार्नेझे हर्क्युलीस’ या प्राचीन पुतळ्याच्या चित्रातले स्नायूही दणकट आहेत, पण ते मूळ पुतळ्यात आहेत तेवढेच.